कमरेत स्क्रू बसवल्यावर वरच्या मणक्याचं काय होतं: औसा तालुक्यातल्या एका बाईंचं प्रकरण

मी लातुरात फिजिओथेरपी करते. मणक्याचं ऑपरेशन होऊन स्क्रू-रॉड बसवलेले बरेच पेशंट माझ्याकडे येतात आणि त्यातल्या बहुतेकांना एकच गोष्ट सांगितलेली असते, की आता तुमचा मणका फिट झाला, काळजी सोडा. फिट झाला हे खरंच असतं. पण फिट झालेल्या भागाच्या वरचा जो मोकळा मणका आहे त्याच्या वाट्याला पुढं काय येतं, हे कुणी बसून समजावत नाही. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर लिहितेय. बाईंची आणि घरच्यांची परवानगी घेतलीय, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पार्श्वभूमी

कमलबाई, वय ५७, औसा तालुक्यातल्या एका गावच्या. साडेतीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, शिवाय हंगामात दुसऱ्याच्या रानात रोजानं खुरपायला जायच्या. साखरेची गोळी चालू, बाकी अंगानं काटक. थोरला मुलगा चाकणला कंपनीत, धाकटा आणि सून गावात.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा एल-४ मणका, म्हणजे कमरेतल्या पाच मणक्यांपैकी वरून चौथा, खालच्या एल-५ वरून पुढं सरकला होता. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये हे बहुतेक याच जागी होतं. खालची एल-५ एस-१ ची गादीपण (एस-१ म्हणजे एल-५ च्या खालचं, माकडहाडाच्या वरचं हाड) झिजलेली होती, दोन्ही पाय पिंढरीपर्यंत ओढायचे, दहा पावलं चाललं की बसावं लागायचं. एका मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. एल-४, एल-५ आणि एस-१ मध्ये मिळून सहा स्क्रू, दोन्ही बाजूंनी रॉड, मधल्या गाद्या काढून तिथं केज (गादीच्या जागी बसवायचा छोटा ठोकळा) आणि हाडाचा चुरा, म्हणजे तिन्ही हाडं कालांतरानं एकजीव व्हावीत.

ते ऑपरेशन फसलं असं कुणी समजू नये. पायातली कळ गेली, हाड नीट जुळलं आणि वर्षाच्या आत बाई पुन्हा रानात होत्या. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं, तीन महिने वाकू नये, वजन उचलू नये. त्यांनी तीन महिने तंतोतंत पाळलं आणि चौथ्या महिन्यापासून सगळं पूर्वीसारखं सुरू केलं. कार्डात तेवढंच होतं, त्यामुळे त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता हिशोब बघा. कमरेत वाकायच्या पाच जागा असतात, एल-१-२ पासून एल-५-एस-१ पर्यंत. पुस्तकातले सरासरी आकडे घेतले तर पुढं-मागं वाकताना वरून खाली साधारण १२, १४, १५, १६ आणि १७ अंश हालचाल होते, एकूण ७४ च्या आसपास. कमलबाईंच्या खालच्या दोन जागा बंद केल्या, म्हणजे यातले ३३ अंश गेले. झिजलेल्या जागा आधीच थोड्या आखडलेल्या असतात त्यामुळे प्रत्यक्षात तोटा यापेक्षा कमी धरावा लागतो, पण अंदाज यायला एवढं पुरेसं आहे.

अडचण

दिवाळीच्या सुमाराला उजव्या मांडीत पुढच्या बाजूनं आग सुरू झाली, ती गुडघ्याच्या आतल्या अंगापर्यंत जायची. बसलं की कमी, उभं राहिलं की जास्त, आणि चालायला लागलं की थोड्या वेळात पाय जड. "गुडघ्याचं नाही बगा म्याडम, मांडी पेटल्यावानी व्हायलीय, देवळापस्तोर गेलं की बसावंच लागतंय," असं त्या म्हणाल्या.

पण त्याआधी सगळ्यांनी ते गुडघ्याचंच धरलं होतं. एक्सरेत गुडघ्याची झीज होतीच, ५७ व्या वर्षी खुरपणी करणाऱ्या बाईच्या गुडघ्यात झीज नसेल तर नवल, त्यामुळे गुडघ्यात एक इंजेक्शन झालं, तेल-मालिश झाली, काही फरक नाही. मग गावात चर्चा सुरू झाली की स्क्रू ढिला झालाय. थोरल्या मुलानं फोनवर सांगितलं की आईचे स्क्रू काढून टाका. जूनच्या शेवटी, पेरणी उरकून, धाकटा मुलगा त्यांना मोटारसायकलवर घेऊन आला.

पहिला निर्णय: दुखतंय कुठून

मांडीच्या पुढच्या दुखण्याला चार उगमं असू शकतात, गुडघा, खुबा, कमरेतली नस आणि साखरेनं बिघडलेली नस. खुबा दोन्ही बाजूंनी आखडलेला होता पण हलवून ती ओळखीची आग होत नव्हती. गुडघा दाबून, वाकवून पण नाही. पालथं झोपवून गुडघा दुमडला, म्हणजे मांडीच्या पुढची नस ताणली, की लगेच तीच कळ. उजव्या गुडघ्याचा झटका, म्हणजे हातोडीनं ठोकल्यावर पाय आपोआप उडतो तो, मंद होता आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद ५ पैकी ४ (५ म्हणजे पूर्ण ताकद). हे सगळं एल-४ च्या नसेकडे बोट दाखवत होतं आणि ती नस एल-३-४ च्या पातळीवर दबते, म्हणजे जुन्या फिक्सेशनच्या, स्क्रू-रॉडनं जोडलेल्या भागाच्या, नेमकं वर. जुनं दुखणं मांडीच्या मागून पिंढरीत जायचं, हे पुढून येत होतं. जागा बदलली हाच सगळ्यात मोठा धागा होता, आणि ऑपरेशननंतरची बरीच वर्षं त्या पूर्ण बऱ्या होत्या हा दुसरा.

मी त्यांना उभं राहून पुढं वाकायला सांगितलं आणि बाजूनं बघितलं. टाक्यांच्या खुणेखालचा भाग फळीसारखा सपाट, तो हलतच नव्हता. खुबे जेमतेम हलले. आणि खुणेच्या वरच्या टोकाला पाठ एकाच जागी मोडल्यासारखी वाकत होती. तरी बोटं जमिनीला टेकली. घरच्यांना याचं कौतुक वाटत होतं, सहा स्क्रू असून आई जमिनीला हात लावते म्हणून.

स्पाइन सर्जनकडे पाठवलं. उभं राहून काढलेले एक्सरे, वाकून आणि मागं झुकून काढलेले वेगळे, एमआरआय, आणि हाड जुळलंय का हे बघायला सीटी. स्क्रू ढिला नव्हता, हाड पक्कं जुळलेलं. एल-३ मात्र वाकताना-झुकताना मिळून ५ मिलिमीटर सरकत होता, साधारण ३-४ च्या वर गेलं की ती जागा अस्थिर धरतात. गादी फुगलेली, मागचे लिगामेंट (मणक्यांना बांधून ठेवणारे पट्टे) जाड झालेले, उजवीकडे नस दबलेली. सीटीत आणखी एक दिसलं, उजवीकडच्या सगळ्यात वरच्या स्क्रूचं डोकं एल-३-४ च्या मागच्या छोट्या सांध्याला घासून होतं.

मुलाला घरी परत पाठवून जुनी फाईल मागवली. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत सहा वर्षांपूर्वीचा एमआरआय जपून ठेवलेला होता, आणि त्यात एल-३-४ ची गादी तेव्हाच काळी पडायला लागलेली दिसत होती. उंची शाबूत, नस मोकळी, पण पाणी कमी झालेली.

वरचा मणका का शिणतो

"ऑपरेशनमुळेच झालं का?" हे धाकट्यानं विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. सरळ उत्तर असं की काही प्रमाणात हो, आणि काही प्रमाणात ती गादी तशीही झिजणार होती. मणका झिजायचा स्वभाव एका जागेपुरता नसतो. कमलबाईंच्या बाबतीत तर जुना एमआरआय पुरावाच होता.

पण ऑपरेशनचा वाटा कसा येतो ते समजून घेणं फार गरजेचं आहे. प्रयोगशाळेत मृतदेहाच्या मणक्यांवर यासाठी दोन तऱ्हेनं प्रयोग होतात. एका तऱ्हेत फिक्सेशनच्या आधी आणि नंतर सारखाच जोर लावतात. तेव्हा वरच्या मणक्याची हालचाल फारशी वाढत नाही, एकूण पाठ कमी वाकते एवढंच. दुसऱ्या तऱ्हेत पाठ एकूण तेवढीच वाकली पाहिजे असं ठरवून वाकवतात. तेव्हा बंद केलेल्या जागांची हालचाल उरलेल्यांना भरून द्यावी लागते आणि लगतच्या जागेवर त्याचा चांगलाच भार येतो. शेतात पाच बायका खुरपायला लागल्यात आणि दोघी उठून बांधावर बसल्या, पण रान मात्र संध्याकाळपर्यंत तेवढंच उरकायचंय, तर उरलेल्या तिघींचं काय होईल, आणि त्यातही जिची पात त्या दोघींच्या लगत आहे तिचं काय होईल, तसं हे आहे. जिवंत माणसांची शरीरं प्रत्यक्षात यातल्या कोणत्या तऱ्हेनं वागतात यावर संशोधकांमध्ये वाद चालतो, आणि तो व्हायलाच पाहिजे. पण आपल्याकडचं जगणं बघा. तण जमिनीवर आहे, काठवट जमिनीवर आहे, संडास जमिनीला, पंगत जमिनीवर, अंथरूण जमिनीवर. ऑपरेशन झालं म्हणून जमीन वर येत नाही. म्हणजे कमलबाई रोज दुसऱ्या तऱ्हेचा प्रयोग जगत होत्या, एकूण वाकणं तेवढंच. खुब्यातून वाकल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती, पण खुबे आखडलेले.

त्यात गादीवरचा दाब. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी माणसाच्या गादीत सेन्सर बसवून दाब मोजला होता. उभं असताना साधारण ०.५ मेगापास्कल (हे दाबाचं माप), पुढं वाकल्यावर १.१, पाठ वाकवून २० किलोच्या आसपास वजन उचललं तर २.३, आणि तेच गुडघे दुमडून उचललं तर १.७. एकाच माणसाचे आकडे आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

आणखी एक कारण सर्जननी दाखवलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कमरेचा जो आतला बाक असतो त्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग एल-४ ते एस-१ मध्येच असतो. तिथं जोडताना बाक कमी राहिला, कंबर सपाट जोडली गेली, तर उभं राहायला वरच्या मणक्याला जास्तीचं मागं झुकावं लागतं. कटीच्या हाडाच्या ठेवणीवरून बाक किती हवा ते मोजता येतं आणि हवा तो बाक आणि प्रत्यक्षातला बाक यातला फरक १० अंशांच्या आत असावा असं धरतात. कमलबाईंचा फरक १६ होता.

हे किती जणांना होतं? घिसेली आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अमेरिकेतल्या २१५ कमरेच्या पेशंटचा अभ्यास छापला, त्यात शेजारच्या जागेसाठी पुन्हा ऑपरेशन लागण्याचा अंदाज ५ वर्षांत १६.५ टक्के आणि १० वर्षांत ३६.१ टक्के होता. इतर अभ्यासांत यापेक्षा कमी आकडेही आहेत. एक्सरेत झीज दिसणं आणि प्रत्यक्ष त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, झीज दिसणाऱ्या कित्येकांना काहीच दुखत नाही.

पर्याय

थोरला मुलगा म्हणत होता स्क्रू काढा. हा पर्याय पहिल्यांदा बाद झाला, कारण हाड जुळलेलं असताना स्क्रू काढून तिथली हालचाल परत येत नाही आणि दबलेली नस सुटत नाही.

औषध, व्यायाम आणि वागण्यात बदल करून बघणं हा एक रस्ता होता. त्याला जोड म्हणून नसेपाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन. धोका हा की ताकद कमी झालेली असताना वेळ गेला तर स्नायू पूर्ण परत येईलच असं नाही, शिवाय स्टेरॉइडनं साखर वाढते.

ऑपरेशनमध्ये दोन प्रकार समोर होते. फक्त नस मोकळी करणं, हे लहान ऑपरेशन, रक्त कमी, खर्च कमी. पण ती जागा ५ मिलिमीटर सरकत होती, आणि त्याच्या खाली तीन हाडांचा एकसंध ठोकळा, तिथलं मागचं हाड आणखी काढलं तर सरकणं वाढायची भीती. दुसरा प्रकार म्हणजे नस मोकळी करून फिक्सेशन एल-३ पर्यंत वाढवणं. त्यात अडचण उघड आहे, की मग एल-२-३ हा नवा शेजारी होतो. हालचाल ठेवणारी कृत्रिम गादी मुलानं मोबाइलवर बघितली होती, पण मणका सरकणारा आणि मागचे सांधे झिजलेले असताना ती बसत नाही, सर्जननी त्याला पाच मिनिटांत शांतपणे समजावलं.

ठरलं काय

ताकद ५ पैकी ४ होती आणि गेल्या महिन्याभरात घसरलेली नव्हती, म्हणून तीन महिने ऑपरेशनशिवाय बघायचं ठरलं. पण ते मोघम ठेवलं नाही. कधी थांबायचं हे आधीच कागदावर मराठीत लिहून सुनेकडे दिलं: गुडघा दगा द्यायला लागला, पायरी चढता येईना, किंवा लघवी-संडासचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर वाट बघायची नाही, शेवटच्या दोन गोष्टींत तर त्याच दिवशी दवाखाना. दर पंधरा दिवसांनी मी ताकद मोजून लिहायची. हा कागद पुढं फार कामाला आला.

काय केलं

व्यायामापेक्षा घरात जास्त वेळ गेला. सुनेनं मोबाइलवर दिवसभराचं शूटिंग करून आणलं, पहाटेपासून रात्रीपर्यंत कुठं कुठं वाकतात ते. त्यातून गॅस जमिनीवरून ओट्यावर गेला, भाकरी थापायला ओट्याची उंची धाकट्यानं विटा लावून जमवली, संडासात कमोडची खुर्ची आली, झोपायला लोखंडी पलंग. खुरपणी बंद. याला त्या सहज तयार झाल्या नाहीत आणि मला त्यांचं दुःख समजत होतं, कारण रोजाचे पैसे हे त्यांच्या हातातले एकमेव स्वतःचे पैसे होते. स्वतःच्या रानात सायकल कोळपं आणलं, ते उभ्यानं ढकलता येतं.

व्यायामात खुबे मोकळे करणं, पार्श्वभागाची ताकद, आणि पाठीवर काठी धरून खुब्यातून वाकायला शिकणं. काठी डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाच्या वरच्या भागाला टेकलेली राहिली पाहिजे, सुटली की समजायचं वरचा मणका वाकला. इथं एक पेच असतो. नस दबलेल्या माणसाला पुढं झुकलं की बरं वाटतं, म्हणून तो झुकून झुकून चालतो, आणि त्याच झुकण्यानं वरच्या गादीवर दाब येतो. म्हणून आम्ही हाताचा आधार घेऊन झुकायला सांगितलं, ओट्यावर, कठड्यावर. जागेवरची सायकल त्यांना चालण्यापेक्षा चांगली जमली.

ऑगस्टमध्ये एल-४ च्या नसेपाशी इंजेक्शन झालं. पाचेक आठवडे आग जवळपास गेली, म्हणजे दुखणं त्याच नसेचं आहे यावर शिक्काही बसला. त्या काळात देवळाच्या पुढं, पार फाट्यापर्यंत चालायला लागल्या. घरात सगळ्यांना वाटलं सुटलो.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आग परत आली आणि ओसरीची पायरी उतरताना गुडघा अचानक मोडला, त्या पडल्या. सुनेनं कागद बघितला आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला. ताकद ५ पैकी ३ भरली. "आत्याबाई म्हणायल्यात रास झाल्यावर जाऊ," सून म्हणाली. रास नंतरही होईल, नस थांबणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं आणि धाकट्यानं रास सोडून आईला नेलं.

ऑपरेशनमध्ये एल-३-४ ची नस मोकळी केली, केज घातला आणि एल-३ मध्ये स्क्रू घालून जुन्या रॉडला जोड दिली. वर एल-२ पर्यंत जावं का यावर चर्चा झाली होती. एल-२-३ ची गादी चांगली होती, सरकत नव्हती, म्हणून तिथं हात लावला नाही. नव्या स्क्रूचं डोकं एल-२-३ च्या सांध्यापासून लांब राहील याची काळजी घेतली, आणि केज असा निवडला की बाक थोडा परत येईल. १६ चा फरक १० च्या आसपास आला. हाडांची घनता कमी निघाली होती, ड जीवनसत्त्वही कमी, त्याचं औषध तेव्हाच सुरू झालं.

निकाल

एक वर्ष झालं. मांडीची आग नाही. ताकद ५ पैकी साडेचार, पायरी आधाराशिवाय उतरतात. गुडघ्याचा झटका अजून मंदच आहे. कंबर सकाळी जड असते आणि लांबच्या एसटी प्रवासानंतर दुखते. पुढं वाकल्यावर बोटं आता नडगीपर्यंतच जातात आणि हे मला हवंच होतं, कारण ते वाकणं खुब्यातून येतं. खुब्यांची हालचाल पहिल्यापेक्षा बरीच मोकळी झालीय. रोजानं खुरपायला जात नाहीत, दोन शेळ्या घेतल्यात, त्यांचे पैसे त्यांच्याच हातात राहतात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या ऑपरेशनच्या वेळी एल-३-४ ची गादी काळी पडतेय हे एमआरआयमध्ये होतं. त्यामुळे तेव्हाच एल-३ पण जोडायला हवा होता असं मी म्हणणार नाही, त्रास न देणारी जागा उगाच जोडणं हा उलटा तोटा. पण घरच्यांना तेव्हा सांगता आलं असतं की ही जागा लक्षात ठेवा, इथून पुढं त्रास होऊ शकतो, आणि तो मांडीच्या पुढून येईल. एवढं एक वाक्य माहीत असतं तर गुडघ्याचं इंजेक्शन आणि सात-आठ महिने वाचले असते.

बाक किती ठेवायचा आणि वरच्या स्क्रूचं डोकं कुठं यावं, हे ऑपरेशनच्या टेबलावरचे निर्णय आहेत. पेशंटला ते तपासता येत नाहीत, पण उभ्यानं काढलेला पूर्ण पाठीचा एक्सरे ऑपरेशनच्या आधी आणि नंतर झालाय का, हे घरचे नक्की विचारू शकतात.

तीन महिन्यांची वाट बघणं बरोबर होतं का, यावर सर्जनचं आणि माझं आजही पूर्ण एकमत नाही. त्यांच्या मते ५ मिलिमीटर सरकणं आणि ताकद कमी या दोन गोष्टी एकत्र होत्या, तेव्हाच ऑपरेशन केलं असतं तर गुडघ्याचा झटका कदाचित परत आला असता. माझं म्हणणं, त्या तीन महिन्यांत घर बदललं आणि खुबे सुटले, ते ऑपरेशननंतर इतक्या मनापासून कुणी केलं नसतं. पुन्हा अशी बाई आली तर मी घरातला बदल पहिल्या आठवड्यात करायला लावेन आणि तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांनी सर्जनसमोर परत बसवेन.

आणि डिस्चार्जच्या कार्डाबद्दल. तीन महिने वाकू नका ही सूचना हाड जुळण्यासाठी असते. शेजारच्या मणक्यासाठीची सूचना जन्मभराची असते आणि ती "वाकू नका" अशी देऊन चालत नाही, वाकल्याशिवाय शेतकरी बाईचा दिवस जात नाही. कुठून वाकायचं, घरात काय काय वर उचलून ठेवायचं, कोणतं काम सोडायचं आणि त्याच्या बदल्यात कोणतं धरायचं, हे सुनेला आणि मुलाला समोर बसवून सांगावं लागतं.

कमलबाईंच्या पाचपैकी तीन जागा आता बंद आहेत. एल-२-३ चा वाकून-झुकून काढलेला एक्सरे दरवर्षी घ्यायचा, जुन्याशी लावून बघायचा, आणि मांडीत वरच्या बाजूला किंवा जांघेत नवीन कळ आली तर गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या डॉक्टरकडे जायच्या आधी फाईल घेऊन यायचं, असं ठरलंय. फाईल आता सुनेकडे असते, पहिल्या एमआरआयसकट.